दुसऱ्या खेपेची बॅग

बॅग हॉलच्या मधोमध उघडायची आणि ती वनमालाबाईंनीच भरायची, हे प्रणितानं ऑटोमध्ये बसल्या बसल्या ठरवलं. त्याच्या थोडंसंच आधी डॉक्टरीणबाईंनी तेलुगूत, अगदी शांत आवाजात सांगितलं होतं की पोटातलं पाणी कमी झालंय, घाबरायचं काही नाही, पण आता वाटही बघायची नाही. उद्या सकाळी भरती व्हायचं. सामान तयार आहे ना, असं त्यांनी लिहिता लिहिता विचारलं. प्रणिता आहे म्हणाली. नव्हतं. शेजारच्या खुर्चीत सासू बसली होती. वनमालाबाई मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, तेलुगू सगळं समजणाऱ्या. त्या बोलल्या ते ऑटोत बसल्यावर. रस्त्यावर मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, ऑटोवाला इंजिन बंद करून बाहेर मान काढून बसला होता, आणि वनमालाबाई समोरच्या ट्रॉलीतून सुटलेल्या कापसाच्या पुंजक्याकडे बघत अगदी सहज म्हणाल्या, "सामानाची काही घाई नाही. बाळ झालं की भार्गव आणून देईल. दहा मिनिटाचा तर रस्ता हाय."

हे वाक्य त्या पुन्हा म्हणतील, असं प्रणिताला वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्या हेच म्हणाल्या होत्या, जवळजवळ याच शब्दांत. अपमान झाल्यावर कान गरम होतात तसे तिचे कान गरम झाले. मग ती ऊब खाली उतरली आणि छातीत एकदम स्वच्छ, थंड झालं. ती दोन वर्षं याच वाक्याची वाट बघत होती, हे तिला तेव्हा कळलं. तोवर ती स्वतःला शांत स्वभावाची समजत आली होती. तहसील कचेरीत ती कॉम्प्युटरवर बसायची, दिवसभर लोक काउंटरवर येऊन आरडाओरडा करायचे, जमिनीच्या पहाणीत नाव चुकलं, सर्वे नंबर चुकला, आणि ती न चिडता दुरुस्त करायची. घरीही तसंच. वनमालाबाईंचा चहा बिनसाखरेचा, नवऱ्याचा, भार्गवचा, कमी साखरेचा. कधी आवाज चढवला नाही. पहिलं बाळ गेल्यावर वनमालाबाई तिच्यासमोर बसून रडल्या तेव्हा तिनं त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला, रिकामा ग्लास परत नेला, विसळून पालथा घातला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. लग्नाकार्यात कुणी वनमालाबाईंना नातवंडांबद्दल विचारलं की ती शेजारी उभी असूनही उत्तर द्यायची नाही. ते उत्तर त्यांनाच द्यावं लागे. ती फक्त ऐकायची, त्या कोणते शब्द वापरतात ते.

बॅग भार्गवची होती, बँकेच्या ट्रेनिंगला हैदराबादला जाताना घेतलेली, निळी, एका बाजूचं चाक तुटलेलं. ती पलंगाखालून पायानं ओढत प्रणिता हॉलमध्ये घेऊन आली. घराचं पुढचं दार सताड उघडं ठेवलं. समोर, गल्लीच्या पलीकडे, चंपतरावांचं घर होतं आणि त्यांचंही दार उघडं होतं. वनमालाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, बॅग बघितली आणि पंखा चालू आहे का ते बघावं तसं वर बघितलं. प्रणिता दिवाणावर बसली. पाठीमागे उशी घेतली.

"तुमी भरा, आई. मी सांगते, तुमी भरा."

"मी?"

"मला वाकता येत नाही."

हे खरं होतं, म्हणूनच तिला ते आवडलं. वनमालाबाई म्हणाल्या, संध्याकाळी भार्गव येतोच आहे. प्रणिता म्हणाली, भार्गव नाही. मग तिनं अट सांगितली, आणि ती सांगताना तिचा आवाज काउंटरवरचा होता. बॅग तुम्ही भरली तर दवाखान्यात माझ्यासोबत तुम्ही राहाल. नाही भरली तर मी आत्ता मायला फोन लावते, ती बेल्याहून अंधार पडायच्या आत इथं येते. मग आत तीच राहील, आणि नर्सच्या हातातून बाळही तीच घेईल. शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम सावकाश म्हटलं. वनमालाबाईंनी गेले कित्येक महिने आपलं एक जुनं सुती लुगडं रोज धुवायला काढलं होतं, मळलेलं नसताना. ते पिळायचं, वाळवायचं, पुन्हा धुवायचं. कापड मऊ होत होतं. ती तयारी नाही, ते नुसतं जुनं लुगडं, असं त्यांनी स्वतःला समजावलं असणार. त्या लुगड्यात बाळ घेऊन त्या दाराबाहेर येणार, भार्गवला दाखवणार, हे त्यांनी किती वेळा मनात करून बघितलं असेल ते प्रणिताला नीट माहीत होतं. माणसाला काय पाहिजे ते कळल्याशिवाय त्याला दुखवता येत नाही. एका घरात राहून तिनं तेवढं शिकून घेतलं होतं.

वनमालाबाई खाली बसल्या. गुडघे दुखत असल्यामुळे एक हात जमिनीवर टेकून, मग दुसरा. "काय घालू पहिले?" त्यांनी विचारलं. "फाईल," प्रणिता म्हणाली.

या घरात बाळाचं काही आधी करून ठेवत नसत. भार्गवच्या वेळी केलं नाही, भार्गवच्या आत्यांच्या मुलांच्या वेळी केलं नाही. येणाऱ्याला आपण आधीच बोलावल्यासारखं होतं, आणि ज्यानं ऐकू नये तेही ऐकतं, असं वनमालाबाईंच्या सासूबाई सांगत. आणि वनमालाबाई शाळेत मुलांना ग्रहण समजावून सांगत, तरी घरी हे पाळत. फारच नड असली तर वस्तू घ्यायच्या, पण घरात आणायच्या नाहीत, दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या. मागच्या वेळी तेच झालं. दुपटी, लंगोट, टोपडं, एक छोटी गादी, हे सगळं एका पिशवीत भरून चंपतरावांच्या घरी, त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवलं होतं. आणि दवाखान्याची फाईल घरात कशाला हवी, ती त्या सामानाचीच, म्हणून वनमालाबाईंनी तीही त्याच पिशवीत टाकली. आठवा महिना होता. सकाळी प्रणिताचं पोट दगडासारखं घट्ट झालं आणि सैल होईना. भार्गव कामासाठी निर्मलला गेलेला. चंपतरावांच्या दाराला कुलूप होतं. ते सगळे बोथला साखरपुड्याला गेले होते. वनमालाबाईंनी फोन लावला, चंपतराव म्हणाले येऊनच राह्यलो, बसस्टँडवर उभे आहोत. मग म्हणाले बसमध्ये बसलो. मग फोन लागेना. फाईल नसली तर कोणी हात लावणार नाही, वनमालाबाई म्हणत होत्या, रक्तगट त्याच्यात आहे, सोनोग्राफी त्याच्यात आहे, कागदाविना आलेली बाई पाहून ते आपल्याला दुसरीकडे पाठवतील, वेळ आणखी जाईल. त्या म्हणत होत्या ते ऐकायला बरोबर वाटत होतं. प्रणिता व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती, बसताही येत नव्हतं, आणि समोरच्या दारावरचं ते कुलूप तिला दिसत होतं. पितळेचं, मोठं, चावीच्या भोकावर झाकण असलेलं. त्या झाकणावर एक फूल कोरलेलं होतं, पाकळ्या पाच होत्या. असं काही त्या वेळी का दिसावं, ते तिला आजही कळत नव्हतं. शेवटी ती स्वतःच रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि मिळेल त्या ऑटोत बसली. वनमालाबाई पाठीमागून पदर सावरत चढल्या. दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या लोकांनी तिला लगेच आत घेतलं. स्ट्रेचरवरून नेताना वर दिवे एकामागून एक सरकत होते आणि ती वाट बघत होती, आता विचारतील, फाईल कुठं आहे. कोणीच फाईल विचारली नाही. शेवटपर्यंत विचारली नाही. रक्तगट त्यांनी तिथंच बोटाला सुई टोचून बघितला, कागदावर लिहिला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिनं डॉक्टरीणबाईंना एकटीनं जाऊन विचारलं की आधी आले असते तर? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, सांगता येत नाही. नाही म्हणाल्या असत्या तर ती रडून मोकळी झाली असती. हो म्हणाल्या असत्या तर तिनं घर सोडलं असतं. सांगता येत नाही, यात मात्र दोन वर्षं राहता आलं. त्याला दार नव्हतं, खिडकी नव्हती, पण राहता येत होतं.

फाईल बॅगेत गेली. मग तिचे दोन गाऊन, समोरून बटणं असलेले. वनमालाबाई कपडा हातात घेत, काठाला काठ लावत, मांडीवर दाबून घडी घालत. तीस वर्षं खडूनं सरळ रेघा ओढलेला तो हात होता. प्रणिता बघत होती. तिला वाटलं होतं हे बघताना आनंद होईल. झालाही, थंड पाणी रिकाम्या पोटात उतरतं तसा, कुठपर्यंत उतरतंय ते कळावं असा. स्वेटर, म्हणाली. पायमोजे. बाळाचे नाही, माझे, पाय सुजतात. वनमालाबाई उठून आत जायच्या, वस्तू आणायच्या, पुन्हा तसंच एक एक हात टेकून बसायच्या. वस्तू एकदम आणायला सांगता आल्या असत्या. प्रणिता एकेक सांगत होती.

दुपट्यांची पाळी आली तेव्हा दारात रुपाबाई उभ्या राहिल्या, चंपतरावांची बायको. कापसाच्या दिवसांत सगळ्या गल्लीत तंतू उडत, तसा एक त्यांच्या केसांना लागला होता.

"काय वो बाई, गावाला निघाल्या का?"

वनमालाबाईंचा हात थांबला. त्या हो म्हणाल्या. प्रणितानं तेवढंही राहू दिलं नाही. ती दिवाणावरून म्हणाली, "गावाला नाही काकू, दवाखान्यात. उद्या. बाळाचं सामान भरून राह्यल्या आई."

रुपाबाईंनी बॅगेत बघितलं, मग वनमालाबाईंकडे, मग दोघींच्या मधल्या जमिनीकडे. आत्ताच, असं त्यांच्या तोंडून निघालं. आणि मग चांगल्या मनानं, काहीतरी बोललं पाहिजे म्हणून, त्या म्हणाल्या, "आमच्याकडं ठेवायची असन तर ठेवा ना बॅग. आता आमी कुठीच जाऊन नाही राह्यलो."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज आधीपासूनच येत होता, तो आता ऐकू आला. वनमालाबाईंनी डोळे मिटले. प्रणिता हसली, अगदी घरच्यासारखं. "नको काकू," ती म्हणाली. "तुमचं कुलूप लय मजबूत हाय." रुपाबाईंचा चेहरा हळूहळू बदलला, गॅसवर काही ठेवून आले म्हणाल्या आणि गल्ली ओलांडून निघून गेल्या. थोड्या वेळानं त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. वनमालाबाईंनी राहिलेली दुपटी घातली. एकही घडी चुकली नाही. काठाला काठ.

पण आनंद एवढ्यात संपल्यासारखा झाला होता. प्रणिताला ते आवडलं नाही. इतकं साठवलेलं इतक्यात कसं संपतं. तिनं पोटावर हात ठेवला. सकाळपासून बाळ कमी हलत होतं, पाणी कमी म्हणजे जागा कमी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, त्यात नवल नाही. तरीही. दोन वर्षांपूर्वीही व्हरांड्यात उभं असताना ती असाच हात ठेवून आतलं ऐकत होती, आणि एका क्षणानंतर ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तो क्षण कोणता ते मात्र तिला कधीच सापडला नाही. चंपतराव बसमध्ये बसलो म्हणाले तेव्हा? की त्याच्या आधी? रात्री भार्गव झोपला की ती त्या सकाळवरून बोट फिरवत जायची, अंधारात बटण शोधावं तसं.

आता राहिलं होतं टोपडं. लाल, कानावर उतरणारं, मागं झालर असलेलं. बेल्याला तिच्या मायनं, बयनाबाईनं, हातानं शिवून, दुपट्यांसोबत, मागच्या शनिवारी माणसाबरोबर पाठवलं होतं. वनमालाबाईंनी ते उचललं आणि मुठीत धरून बसल्या. "हे एक राहू दे," त्या म्हणाल्या. "सगळं घातलं मी. एक कमी राहिलं तर पुरी तयारी झाली असं होत नाही. एवढं एक राहू दे, प्रणिता."

त्यांनी नावानं हाक मारली. नाही तर त्या पोरी म्हणायच्या. शाळेत बाई कधी कुणापुढं हात जोडत नाही, पण आवाजात ते होतं. आणि प्रणिता टाका म्हणणार होती, तोंड उघडलं होतं, तेव्हा तिला आठवलं, म्हणजे आठवायचं नाही असं ठरवलेलं वर आलं, की मागच्या आठवड्यात तिनं खोलीचं दार लावून हीच बॅग पलंगावर उघडली होती. मोबाईलवर बघून वस्तू काढल्या होत्या, एका रांगेत मांडल्या होत्या. मनात हसलीही होती, सासूच्या या सगळ्या पाळण्याला. मग हेच टोपडं हातात घेतलं आणि बॅगेच्या तोंडापाशी हात थांबला. हात भरून आल्यासारखा थांबला. पुढं जाईना. तिनं सगळं जिथल्या तिथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. वाकता येत नाही ही गोष्ट आजची होती. तेव्हा तर बॅग पलंगावर होती. म्हणजे तिच्याच्यानं झालं नव्हतं. म्हणून तिनं दुसरे हात शोधले होते. आणि दुसरे हात म्हणजे असे, की उद्या काही झालं, पुन्हा दिवे सरकू लागले आणि पुन्हा कुणी चष्मा काढून सांगता येत नाही म्हणालं, तर या वेळी सांगता येईल. कुणी भरली ते रुपाबाईंनी पाहिलेलं आहे. दार उगीच सताड उघडं ठेवलं नव्हतं. फाईल, गाऊन, पायमोजे यांच्याबरोबर तिनं बॅगेत दोषीही घालून ठेवला होता, बाळ यायच्या आधी, घडी घालून. तिला ते दिसलं आणि ती शहारली नाही. एखादा हिशेब आपण न बघता बरोबर केला होता असं कळावं, तसं फक्त कळलं.

"मला समजते," वनमालाबाई म्हणाल्या. त्या टोपड्याकडे बघत होत्या. "काऊन मलाच भरायला लावून राह्यली ते."

प्रणितानं पाठीमागची उशी सरळ केली.

"काही झालं तर माझ्या हातानं झालं, असं म्हणता आलं पाहिजे तुला. म्हण. मागल्या वेळी म्हटलं असतं ना तू, तर बरं झालं असतं. एक शब्द बोलली नाहीस. दोन वर्षं चहा देत राह्यलीस मला." त्यांनी नाक पदराला पुसलं. मग शाळेतल्या, मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "तू कशालाच हात लावू नको. टोपडंही मीच घालते. काय लागायचं ते माझ्या हाताला लागू दे."

आणि त्यांनी हात पुढं नेला.

प्रणिताच्या डोक्यात जे उसळलं त्याला दया म्हणता आलं नसतं. तिची एकच गोष्ट होती, तिनं एकटीनं, कुणाला न दाखवता सांभाळलेली, आणि ही बाई ती समोरून उचलून आपल्या अंगावर पांघरून घेत होती. आता उद्या काही झालं तर ही आधीच कबूल होऊन बसलेली असेल, दवाखान्याच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. लोक तिची समजूत काढतील. आणि नाही झालं काही, तर हिच्याच हातानं वाचलं असं होईल. दोन्हीकडून हीच. ती दिवाणाच्या कडेला सरकली, पाय खाली घेतले, गुडघ्यावर आली. पोट मांड्यांवर टेकलं, श्वास अर्ध्यात अडला, कमरेतून एक कळ खाली गेली. वनमालाबाई अगं अगं करत धरायला पुढं झाल्या. तिनं त्यांच्या मुठीतून टोपडं काढून घेतलं. सहज सुटलं नाही. एक बोट, मग दुसरं बोट सोडवावं लागलं.

"हे मी," ती म्हणाली.

तिनं ते बॅगेत घातलं, सगळ्यांच्या वर, पालथं. हात थांबला नाही. मग मात्र ती हलली नाही, तिथंच बसून राहिली, जमिनीवर, सासूच्या इतकी जवळ की त्यांच्या तोंडाला येणारा लवंगेचा वास येत होता. दोघीही तिच्या पोटाकडे बघत होत्या. आत काही हलत नव्हतं. गाऊनच्या कापडावरचं निळं फूल तिच्या श्वासाबरोबर वर यायचं, खाली जायचं, ते तिचं स्वतःचं. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला, काचेच्या कपाटातल्या कपबशा वाजून थांबल्या. वनमालाबाईंचा हात तिच्या पोटाच्या दिशेनं आला आणि वीतभर अलीकडे हवेत राहिला, तळवा उघडा. प्रणितानं तो ढकलला नाही, आणि जवळही घेतला नाही. ती आत ऐकत होती. आपण काय केलं, ही एकच गोष्ट तिच्या सगळ्या अंगात उभी होती, खांबासारखी.

मग डाव्या कुशीत, खूप खोल, काहीतरी फिरलं. टाच असेल किंवा कोपर. तिथंच दाबून राहिलं, सरकलं, पुन्हा दाबलं. वरून काही दिसलं नाही. ते फक्त तिला कळलं.

"हललं का?" वनमालाबाईंनी विचारलं. त्यांचा हात अजून हवेतच होता.

प्रणितानं बॅगेचं झाकण पाडलं आणि चेन ओढली. ती कोपऱ्यावर अडली, तिनं मागं घेतली, पुन्हा ओढली, शेवटपर्यंत नेली. मग दिवाणाला धरून उठली. उठायला वेळ लागला.

"तुमचंही सामान घ्या," ती म्हणाली. "रात्री तिथं थंडी असते."